पाणथळीवरच्या गटफेऱ्यांवर सरसकट बंदी हवी का?

भरतीरेषा (धागा सुरू करणारे)

‘पक्षी पाहायचे असतील तर एकट्याने जावे. वीस माणसांना मार्गदर्शकामागे खाडीवर नेणे म्हणजे जत्रा भरवणे आहे आणि या जत्रा बंद झाल्याच पाहिजेत,’ असे एकांडा शिलेदार यांनी परवा लिहिले. तो मजकूर मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मनस्ताप झाला, म्हणून सविस्तर उत्तर देतो आहे.

मी गेली अकरा वर्षे विनामोबदला अशा फेऱ्या नेतो. माझा अनुभव असा की पक्ष्यांना त्रास होतो तो माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या उभे राहण्याच्या जागेमुळे आणि वेळेमुळे. कमाल भरतीच्या सुमारे दोन तास आधी बांधावर पोहोचावे, मागे झाडी राहील अशा बेताने उभे राहावे आणि मग हलू नये. पाणी चढते तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि टिलवे, चिखले, पाणटिवळे असे चिखलातले पक्षी खात खात आपणहून काठाकडे सरकतात. त्यांच्याकडे कोणाला जावे लागत नाही. पट्टा बुडत आला आणि पक्षी विश्रांतीच्या जागी गोळा होऊ लागले की गटाने मागे फिरावे, एवढाच नियम आहे.

एकट्याने येणाऱ्या नवख्याला हे कोण सांगणार? भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते हेही त्याला ठाऊक नसते. तो सवडीच्या दिवशी ओहोटीला येतो, पक्षी अर्ध्या किलोमीटरवर ठिपक्यांसारखे दिसतात, मग तो बूट काढतो आणि सरळ चिखलात शिरतो. हे दृश्य मी दर हंगामात पाहतो आणि तो माणूस बहुधा एकटाच असतो.

अशा फेऱ्यांचा इतिहासही विसरू नये. १८८६ साली अमेरिकेतील स्मिथ कॉलेजमध्ये फ्लॉरेन्स मेरियम या विद्यार्थिनीने मैत्रिणींना जिवंत पक्षी दाखवण्यासाठी फेऱ्या सुरू केल्या. त्या काळी टोप्यांवरच्या पिसांसाठी बगळे आणि सुरय यांची सर्रास कत्तल होत होती आणि ज्यांच्या डोक्यावर ती पिसे होती त्यांनाच पक्ष्यापुढे उभे करणे हा त्यावरचा उपाय होता. तो आजही उपाय आहे.

एकांडा शिलेदार

आपण आपल्या शिस्तीचे वर्णन केलेत, परंतु अशी शिस्त किती गटांत असते? मी बंदी मागितली ती आपल्या एका गटाकडे पाहून नव्हे.

पक्षी उडाला तरच त्रास झाला, असे आपण धरून चालला आहात. पक्षी उडण्याच्या बराच आधी खाणे थांबवतो, मान ताणतो आणि आपल्याकडे पाहत राहतो. ही मिनिटे त्याच्या खाण्यातून वजा होतात आणि ती कोणी मोजत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाच महिने वयाचा एक पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि कोठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचला. अशा प्रवासाआधी हे पक्षी इतकी चरबी साठवतात की ती वजनाच्या निम्म्याच्या आसपास जाते. ही चरबी चिखलातल्या किड्यांतून येते आणि ते किडे ओहोटीच्या मोजक्या तासांतच मिळतात. त्यातली वीस मिनिटे आपल्या कौतुकापायी गेली तर ती भरून कोण देणार?

अमेरिकेतील डेलावेअरच्या उपसागरात दर वसंतात लाल छातीच्या नॉट पक्ष्यांचे थवे नालखेकड्यांची अंडी खाण्यासाठी उतरतात आणि दोन-तीन आठवड्यांत वजन जवळजवळ दुप्पट करून आर्क्टिककडे जातात. तेथे न्यू जर्सीच्या बाजूचे काही किनारे त्या काळात माणसांसाठी बंद ठेवले जातात. मार्गदर्शकासह आलात तर चालेल, असे तेथे म्हणत नाहीत. म्हणून माझी मागणी अतिरेकी आहे हे मला मान्य नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एका बांधाआड बसलो होतो. समोर सुमारे दोनशे शेकाटे आणि पाणटिवळे एका पायावर झोपले होते. एक गट आला. पुढचे दहा जण शांत होते, पण मागे राहिलेल्यांना स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, पाहायला मिळेना, म्हणून ते बांधावर चढले आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहिले. थवा उठला. तो पुन्हा बसला तेव्हा मागचा दुसरा घोळका चढला. तासाभरात तीनदा असे झाले. मार्गदर्शक चांगला होता, जाणकार होता, पण वीस माणसांची रांग पन्नास पावले लांब होते आणि त्याचा आवाज पंधरा पावलांपुढे जात नव्हता.

कांदळवाट

शिलेदार, आपण एकट्याने बांधाआड बसू शकता कारण तसे बसणे आपल्याला शक्य आहे. पहाटे साडेपाचला निर्जन खाडीवर, जेथे हाक मारली तर ऐकायला कोणी नाही, तेथे एकट्या बाईने दुर्बीण घेऊन बसावे असा आपला सल्ला आहे का? मी एकदा बसले आहे. दोन माणसे अर्धा तास मागे उभी राहिली होती. त्यांनी काही केले नाही, पण त्या अर्ध्या तासात मी एकही पक्षी पाहिला नाही. त्यानंतर मी फक्त गटाबरोबरच जाते.

माझ्या आईला संधिवात आहे. गटात कोणीतरी स्कोप तिच्या उंचीला आणून ठेवला, तेव्हा वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने प्रथमच पाणटिवळ्याची चोच मुळापर्यंत चिखलात गेलेली पाहिली. पक्षी क्षणभर थांबला, त्याने चोच हळूहळू वर ओढली आणि टोकाला लांब गुलाबी किडा ताणला जाऊन एकदम सुटून आला. आई मोठ्याने काही बोलली नाही, फक्त माझे मनगट घट्ट धरले. एकट्याने जाण्याचा नियम केलात तर अशी माणसे घरीच राहतील.

एकांडा शिलेदार

सुरक्षिततेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो मी मान्य करतो. पण त्यासाठी चार जण पुरतात, वीस लागत नाहीत.

गाळातला टिलवा

दोन्ही बाजूंनी अंतर आणि संख्या एवढेच चालले आहे. माझी तक्रार निराळी आहे आणि ती माझ्या मते अधिक गंभीर आहे. गटफेरीत एका माणसाची चूक वीस माणसांची नोंद बनते.

दोन वर्षांपूर्वी एका फेरीत मार्गदर्शकांनी टिलव्यांच्या थव्यात चमच्यासारख्या चोचीची तुतारी असल्याचे जाहीर केले. जगात हा पक्षी काही शे इतकाच उरला आहे आणि तो रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला वीण करतो, त्यामुळे गटात काय झाले असेल ते सांगायला नको. प्रत्येकाने स्कोपला डोळा लावला, प्रत्येकाला चमचा दिसला. मलाही दिसला. मी मात्र स्वतःच्या स्कोपमधून त्याच पक्ष्याकडे पाहत राहिलो, कारण त्याची खाण्याची रीत मला खटकत होती. ही तुतारी उथळ पाण्यात चोच दोन्ही बाजूंना हलवत पुढे जाते आणि हा पक्षी टिलव्यासारखा टिपटिप चोच मारत होता. चार-पाच मिनिटांनी तो डबक्यात शिरला, त्याने चोच बुडवून दोनदा झटकली आणि चमचा विरघळला. टोकाला चिकटलेला चिखलाचा गोळा होता. बाहेर आला तो साधा छोटा टिलवा.

मी हे सांगितले तेव्हा ‘तुम्ही दुसराच पक्षी पाहत आहात’ असे उत्तर मिळाले. संध्याकाळपर्यंत त्या पक्ष्याची नोंद अनेकांच्या यादीत चढली होती. ज्या फेऱ्यांतून विज्ञानाला मदत होते असे सांगितले जाते, त्यांतून हे होते.

भरतीरेषा

एका मार्गदर्शकाच्या अहंकारावरून सर्व फेऱ्या मोडीत काढू नयेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुर्मीळ नोंद केली की वर्णन किंवा छायाचित्र मागतात आणि स्थानिक परीक्षक ती तपासतात. एका गटाने यादी आपसांत वाटून घेतली तर तो एकच प्रसंग धरला जातो, वीस नव्हे. यंत्रणा आहे.

गाळातला टिलवा

यादी वाटून घेतली तर. त्या दिवशी बहुतेकांनी आपापली स्वतंत्र यादी केली होती. शिवाय परीक्षकाला वीस जण एकच गोष्ट सांगत असतील तर त्याच्यावर दडपण येते, हे आपणही जाणता.

जुना कोरल

या वादात मला पडावेच लागेल, कारण मी स्वतः अशा नोंदींचे परीक्षण केले आहे आणि सगळ्यात मोठा धडा एका कोरलाने, म्हणजे लांब वाकड्या चोचीच्या पाणपक्ष्याने, दिला आहे. सडपातळ चोचीच्या कोरलाची शेवटची निर्विवाद नोंद फेब्रुवारी १९९५ ची, मोरोक्कोतील मेर्जा झेर्गा या खारकच्छाची. त्यानंतर अनेकांनी अनेक ठिकाणी तो पाहिल्याचे सांगितले. १९९८ साली इंग्लंडमधील ड्रुरिज उपसागरावर दिसलेला पक्षी कितीतरी अनुभवी लोकांनी काही दिवस पाहिला, त्याची छायाचित्रे निघाली, नोंद अधिकृतपणे स्वीकारलीही गेली आणि पुढे फेरतपासणीत ती वगळण्यात आली. २०२५ मध्ये हा पक्षी नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा जास्त डोळ्यांनी पाहिले म्हणजे जास्त खरे, हे मानता येत नाही. डोळे एकमेकांना सांगतात काय दिसायला हवे ते.

मात्र टिलवा यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. एकट्या माणसाच्या चुका याहून वाईट असतात, कारण त्याला अडवायला शेजारी कोणी नसते. त्या दिवशी चूक पकडली ती गटातल्याच एकाने, म्हणजे आपण.

गाळातला टिलवा

पकडली, पण मानली कोणी? आपण हे विसरता.

भरतीरेषा

आता हा धागा नोंदींच्या खरेपणावर गेला आहे आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला आहे. तरी सांगतो. मी माझ्या गटाला पहिल्याच पाच मिनिटांत सांगतो की आज निदान दहा पक्ष्यांबाबत मी ‘माहीत नाही’ म्हणणार आहे. हिवाळी पिसाऱ्यातले दूरचे टिलवे नेमके कोणते हे दर वेळी सांगता येतेच असे नाही, आणि जो दर वेळी सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

कांदळवाट

माझ्या फेऱ्यांमध्ये हे वाक्य एकाही मार्गदर्शकाने उच्चारलेले नाही. लोकांना नाव हवे असते आणि मार्गदर्शक ते पुरवतो. तक्रार खरी आहे, पण मला याच फेऱ्यांची गरज आहे, त्यामुळे मला त्या सुधारायला हव्या आहेत. बंद झाल्या तर माझ्यापुढे दुसरा पर्याय नाही.

एकांडा शिलेदार

सुधारणा म्हणजे काय ते नेमके सांगा, नाहीतर हा शब्द पोकळ आहे. हाँगकाँगच्या माय पो येथे परवान्याशिवाय आत जाता येत नाही, लोक मार्गदर्शकाबरोबर जातात, तिवरांमधून तरंगत्या लाकडी वाटेने निरीक्षणगृहात पोहोचतात आणि तेथील फटींतून पाहतात. पक्ष्याला माणसाचा आकारच दिसत नाही. अशी सोय असेल तर वीस काय, तीस जण न्या. उघड्या बांधावर मात्र माझा विरोध कायम आहे.

भरतीरेषा

म्हणजे आपला विरोध गटाला नसून उघड्या बांधाला आहे. हे पहिल्याच दिवशी लिहिले असते तर मला रात्री बारापर्यंत जागावे लागले नसते.

आणि बंद किनाऱ्यांचे आपले उदाहरण घ्या. डेलावेअरच्या त्या किनाऱ्यांवर स्वयंसेवक उभे असतात, आलेल्या प्रत्येकाला थांबवतात, पक्षी का दमले आहेत ते समजावतात आणि दुरून दाखवतात. ते काम आमच्यासारख्यांचेच आहे. दक्षिण कोरियात सेमांगम येथे २००६ मध्ये ३३ किलोमीटरची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि हजारो मोठ्या नॉट पक्ष्यांचा चिखल संपला. त्या चिखलावर माणसे चालल्यामुळे तो संपला नाही. जेव्हा अशी भिंत आपल्या खाडीवर येईल तेव्हा बांधाआड एकटा बसलेला माणूस किती जणांना सोबत आणू शकेल?

एकांडा शिलेदार

एकदा फेरीला आलेली किती माणसे त्या दिवशी येतील, हाही प्रश्न आहे. माझा यावर विश्वास नाही. पण पुढील फेरीत गट दहाचा ठेवणार असाल आणि मागच्या टोकाला दुसरा जाणता माणूस उभा करणार असाल, तर मागचे टोक सांभाळायला मी येईन. पुढे बोलायला येणार नाही.

भरतीरेषा

दहा नव्हे, बारा. मागचे टोक आपले. कमाल भरती सव्वानऊला आहे, तेव्हा सातला बांधावर या आणि पांढरा सदरा घालू नका.

वाचक ४२

मी इतके दिवस फक्त वाचत होतो. टिलवा यांनी सांगितलेल्या फेरीत मी होतो. स्कोपमध्ये मला चमचा दिसला होता, पण तुम्ही बोललात तेव्हा मी पुन्हा डोळा लावला आणि चोच बारीक, सरळ, काळी दिसली. मी काही बोललो नाही, कारण सर्वजण मार्गदर्शकांचे अभिनंदन करत होते आणि ती माझी दुसरीच फेरी होती. घरी जाऊन मी तुतारीचीच नोंद केली. आज ती काढून छोटा टिलवा असा बदल केला आहे आणि परीक्षकांनाही कळवले आहे. बाकीच्यांची नावे मला ठाऊक नाहीत.

गाळातला टिलवा

कळवलेत हे बरे केलेत. मी त्या दिवसाची माझी टिपणे तुम्हाला पाठवतो. पक्षी डबक्यात शिरला तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती, ती वेळ परीक्षकांना उपयोगी पडेल.