मदत हवी आहे: जर्मनीचा वेलनेस प्रोग्रॅम चाकणला कसा बसवू?

थर्डशिफ्ट:
हेड ऑफिसकडून फाइल आलीय. सायकलने कामावर या, सिगारेट सोडा, सॅलड बार, आरोग्य तपासणी. मराठी करून बोर्डावर लावली. पहिल्या मीटिंगला अकरा जण, त्यातले चार चहासाठी. सोमवारी प्लॅन द्यायचाय. काय बदलू? लवकर सांगा.

ऑइलकॅन:
माणसं किती? शिफ्ट किती? कंत्राटी धरलेत का? आणि सायकल? तळेगाव चौकातून ट्रेलरच्या कडेने तुम्ही चालवून दाखवा आधी.

सूर्यपुत्र:
रोज १२ सूर्यनमस्कार. फाइल रद्दीत घाला.

ऑइलकॅन:
रात्रपाळी मारून आलेल्याला सकाळी सातला सूर्यनमस्कार? धन्य आहात.

थर्डशिफ्ट:
६४० माणसं, तीन शिफ्ट, निम्मे कंत्राटी. सिगारेटवाले मोजकेच आहेत, म्हणून तो भाग काढून टाकू का?

दवाखाना:
काढू नका, बदला. २०१६-१७ च्या गॅट्स (प्रौढांच्या तंबाखू वापराच्या) पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४. मशीनमागे बघा, चुन्याच्या डब्या सापडतील. तोंडाची तपासणी ठेवा, १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला फोनवर मदत) नंबर लावा. शिवाय फाइलमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ पर्यंत ठीक म्हटलं असेल. आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात.

तोक्योकर:
जपानात २००८ पासून ४० ते ७४ वयाच्यांची कंबर मोजतात. मर्यादा पुरुष ८५ सेंमी, बायका ९०. माझी ८७ भरली, साखरही वर, मग समुपदेशनाचं बोलावणं.

दवाखाना:
आपल्याकडे उलटं, पुरुष ९०, बायका ८०. पण थर्डशिफ्टनी कंबर विचारलीच नव्हती हो.

कांदेपोहे:
सॅलड बार कशाला? एवढे कामगार म्हणजे कॅन्टीन कायद्यानेच लागतं. तिथल्या भाजीवरचा तेलाचा तवंग आणि चहातली साखर कमी करा. (अवांतर: आमच्या कॅन्टीनचे पोहे चमच्याला चिकटून उलटे राहतात.)

सूर्यपुत्र:
प्राणायाम तरी?

दवाखाना:
@थर्डशिफ्ट, तपासणीचे रिपोर्ट कोणाकडे जाणार?

थर्डशिफ्ट:
एचआरकडे. फॉर्मवर नाव, टोकन नंबर असतो. कंत्राटी लोकांचे फॉर्म त्यांचा सुपरवायझर गोळा करतो. का?

ऑइलकॅन:
मग अकरा तरी कसे आले!

दवाखाना:
फॉर्म बंद पाकिटात थेट डॉक्टरकडे. एचआरला फक्त एकूण आकडे. सायकल नंतर बघू.

कांदेपोहे:
त्या अकरांत कंत्राटी किती होते?

थर्डशिफ्ट:
एकही नाही.