लो-कोड आलं म्हणून प्रोग्रामर सुटत नाही
कुणीतरी म्हटलंय, लो-कोड (फारसा कोड न लिहिता, स्क्रीनवर तयार चौकोन जोडून ॲप बनवायची सोय) आलं की बँकेला प्रोग्रामर नकोच. अर्धंच खरं. मी सांगलीत एका सहकारी बँकेत आहे. हळद तारण कर्जाची फाईल आधी चार टेबलं फिरायची. आता गोदामाची पावती, भावाची नोंद, मंजुरी असे चौकोन स्क्रीनवर ओढून जोडलेत. फॉर्म तर कर्ज विभागातल्या मॅडमनीच बांधला. पण कोअर बँकिंगशी, म्हणजे बँकेची सगळी खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीशी, जोडणी करायला शेवटी प्रोग्रामरच बसला, आणि खरा वेळ तिथंच गेला. केवायसी (ग्राहकाची ओळख-पत्त्याची माहिती) ठरावीक काळानं अद्ययावत करायचं त्यामानानं सोपं: जास्त जोखमीच्या ग्राहकाचं २ वर्षांनी, मध्यम ८, कमी १०, एकदा नियम टाकला की आठवण आपोआप जाते. फक्त नोंद करणारा आणि मंजूर करणारा एकच राहील असा फ्लो बनवू नका. चाचणीत आमचा तसाच झाला होता!