लग्नाचं फुटेज ठेवायला २ टीबी हार्डडिस्क घ्यावी की १ टीबी एसएसडी?

सक्करदरा_शूट:
राजेहो, एक सांगा. लग्नाचे व्हिडिओ करतो. एका लग्नाचं फुटेज २०० जीबीपर्यंत जातं. लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे, अर्धी रिकामी असते. पोर्ट साधा, यूएसबी ३.० चा. नागपुरात बर्डीच्या बाजारात चौकशी करून आलो. बजेटात एकतर २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क बसते, नाहीतर १ टीबीची एसएसडी. दुकानदार एसएसडीच्याच मागे लागून राहिला. २ टीबीचा एक पेनड्राइव्हपण दाखवला त्यानं, हार्डडिस्कच्या अर्ध्याहून कमी भावात! सीझन तोंडावर आहे, लवकर बोला.

मिहानवाला:
एसएसडी. डोळे मिटून घे.

जुना_हार्डवेअरवाला:
डोळे कायले मिटतो बाप्पा? एसएसडीच्या डब्यावरचे सेकंदाला १०५० एमबी १० जीबीपीएसच्या (सेकंदाला १० गिगाबिट) पोर्टवर मिळतात. तुझा पोर्ट ५ जीबीपीएसचा, तिथे चारशे-साडेचारशे धर. हार्डडिस्क १२०-१३० देते, भरत आली की अजून उतरते. पण तू कॉपी करणार कॅमेऱ्याच्या कार्डावरून, आणि साधं यूएचएस-१ (एसडी कार्डाचा वेगाचा प्रकार) कार्डच ९०-१०० च्या पुढे वाचत नाही. म्हणजे २०० जीबी खाली करायला कोणत्याही ड्राइव्हवर अर्ध्या तासाच्या वरच लागेल. एसएसडी कामी येते ते थेट तिच्यावरून एडिटिंग केलं तर. चालू लग्न तुझ्या लॅपटॉपातच मावतं, मग ते कशाला? हार्डडिस्क घे.

मिहानवाला:
काका, अन् मे महिना? बऱ्याच पोर्टेबल हार्डडिस्कना चालू असताना ३५ डिग्रीची मर्यादा दिलेली असते. सॅमसंग टी७ या एसएसडीला ६० आहे. कूलरच्या खोलीत मे महिन्यात ३५ कुठे राहतात?

जुना_हार्डवेअरवाला:
हा मुद्दा बरोबर. म्हणूनच हार्डडिस्कवर दिवसा एडिटिंग नको. रात्री कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. उलट एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात टाकली तर आतला चार्ज गळून डेटा जाऊ शकतो, गरमीत जास्तच. शिवाय चुकून डिलीट झालं आणि ट्रिम (डिलीट केलेल्या फाइलची जागा एसएसडी आतून पुसून टाकते ती सोय) चालू असलं, तर फाइल परत मिळायची आशा सोड. हार्डडिस्क मात्र चालू असताना हलवायची नाही. गाडीच्या डिक्कीत तर कोणतीच नको.

सक्करदरा_शूट:
अन् पेनड्राइव्ह?

जुना_हार्डवेअरवाला:
त्या भावात २ टीबी म्हणजे बहुतेक बनावट. आत ३२-६४ जीबीची चिप असते, कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते, नंतर फाइल उघडत नाहीत. आधीच घेतला असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) हे खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर चालवून पाहा.

सक्करदरा_शूट:
नाही घेतला. हार्डडिस्कच घेतो. गिऱ्हाइकाला द्यायच्या पेनड्राइव्हवर मोठी फाइल जातच नाही, त्याचं काय?

मिहानवाला:
पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, पण आधी त्यांचा टीव्ही ते वाचतो का विचार. जुने टीव्ही वाचत नाहीत.