राष्ट्रपतींच्या निवडणुकीतील मतमूल्याविषयी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचे मूल्य आजही १९७१ च्या जनगणनेवरून ठरते, हे मी फळ्यावर मांडून दाखवले: महाराष्ट्राची तेव्हाची सुमारे ५ कोटी ४ लाख लोकसंख्या भागिले २८८ आमदार, भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८, तर सिक्कीममध्ये केवळ ७. त्यावर सेलूहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या जन्माआधीची माणसे मोजून आजचे राष्ट्रपती का निवडायचे?” प्रश्न रास्त आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आधार कायम ठेवला आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. परंतु पुढे नवे आकडे लागू झाल्यावर दक्षिणेकडील राज्यांचे वजन घटू नये, यासाठी न्याय्य तोड कोणती, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. थेट जनतेतून निवड मला पटत नाही, कारण त्यातून पंतप्रधानांसमोर दुसरे सत्ताकेंद्र उभे राहील. जाणकारांनी आपले मत सकारण मांडावे, तसेच संविधान सभेतील यासंबंधीच्या चर्चेचा, बारावीच्या मुलांना झेपेल असा मराठी अनुवाद कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.