एमए इंग्रजीला मराठीशी तुलनेचा एक पेपर सक्तीचा असावा का?

डोंगरवाट
माझ्या मते असावा, आणि पहिल्याच सत्रात असावा. आपल्याकडे एमए इंग्रजीला येणारी कितीतरी मुलं मराठी माध्यमातली असतात. दोन वर्षांत चॉसरपासून बेकेटपर्यंत सगळं उरकतं, पण त्यांना जे आधीपासून येतं त्याचा वर्गात कुणी उपयोगच करून घेत नाही.

अरुण कोलटकरांचा इंग्रजी कवितासंग्रह 'जेजुरी' (१९७६) घ्या. त्यात एक म्हातारी पन्नास पैशांसाठी बाही धरून मागे लागते, घोड्याच्या खुराचं ठिकाण दाखवते म्हणते. माझ्या वर्गात जेजुरीजवळच्या गावची एक मुलगी होती. भंडारा, तळी, वाघ्या-मुरळी, सगळं तिच्या घरातलं. उत्तरपत्रिकेत मात्र तिने गाइडमधलं 'श्रद्धा विरुद्ध संशय' जसंच्या तसं उतरवलं. एसटीने येऊन त्याच दिवशी परत जाणाऱ्या माणसाने ही म्हातारी कशी पाहिली, यावर तिच्याइतकं कोण बोलू शकलं असतं? पण तसा प्रश्नच नव्हता.

इतिहासही हेच सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७चं. खुद्द ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा त्यानंतर, १८९४मध्ये आली. त्याच्याही आधी, १८८३मध्येच आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटवरून मराठीत 'विकारविलसित' केलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक आणि त्यांनीच शेक्सपिअरचा लिअर मराठीत आणला. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवायचे. ही सगळी मंडळी दोन्ही भाषा एकाच टेबलावर ठेवून वाचत होती.

निळी शाई
सक्तीला माझा ठाम विरोध. यादी बघा ना तुमची! आगरकर, विंदा, जी. ए. 'आधीपासून येतं' ते कुणाला? आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांपलीकडे एक पुस्तक नव्हतं. मराठी साहित्य म्हणून शाळेत जे शिकवलं त्यात आमची वस्ती, आमची बोली कुठेच नव्हती. उलट त्या बोलीवरून वर्गात हसले लोक. इंग्रजीच्या वर्गात पहिल्यांदा असं झालं की सगळेच सारखे नवखे होते.

सावित्रीबाईंनी 'काव्यफुले'त (१८५४) 'इंग्रजी माऊली' म्हणून कविता लिहिली ती उगाच नाही. ज्या मुलीला गावाबाहेरचं जग बघायचंय तिला दोन वर्षं मनसोक्त ब्रॉन्टे वाचू दे. प्रत्येक वेळी तिला तिच्या अंगणात कशाला परत आणायचं? इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही की आधी तुझं गाव आठव आणि मग शेक्सपिअर वाच.

तासिका तत्त्वावर
दोघांचंही पटतं, पण वर्ग असा चालत नाही. मी दोन कॉलेजांत तासावर शिकवतो. नवा पेपर आला की पुढच्याच महिन्यात त्याचं गाइड बाजारात येतं. मग 'हॅम्लेट आणि विकारविलसित: साम्य-भेद' असे दहा मुद्दे पाठ. शिवाय प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट-सेट परीक्षांच्या तयारीला त्याचा थेट उपयोग नाही, त्यामुळे मुलंही त्याला दुय्यमच धरणार. आधी एक तरी मूळ कादंबरी अख्खी वाचून घ्या. कादंबरीचा सारांश व्हिडिओवर पाहून एमए झालेले माझ्या ओळखीत आहेत.

डोंगरवाट
@निळी शाई, यादीबद्दलचा आक्षेप मान्य, यादी वाढवायलाच हवी. म्हणून तर म्हणतो, एलियटची दीर्घकविता 'वेस्ट लँड' (१९२२) आणि नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' (१९७२) शेजारी ठेवा. लंडन ब्रिजवरून ऑफिसला जाणारी गर्दी एकीकडे, कामाठीपुऱ्यातली रात्र दुसरीकडे. एकाने शहर वरून पाहिलं, दुसऱ्याने आतून भोगलं. ही तुलना इंग्रजी विभागानेच करायची, कारण एलियट तिथे शिकवला जातो.

@तासिका, गाइड चालतात ते प्रश्न ठरलेले असतात म्हणून. न पाहिलेला उतारा द्या, पुस्तक उघडं ठेवून लिहू द्या.

निळी शाई
'गोलपिठा' शिकवायला हवा, त्याबद्दल वादच नाही. पण तो एलियटच्या शेजारी बसवला म्हणून मोठा ठरेल, हे मला मान्य नाही. ढसाळांवर अख्खा पेपर ठेवा, ऐच्छिक ठेवा, मी पहिल्या बाकावर येऊन बसेन. तुलना मात्र ज्याला करावीशी वाटेल त्याने करावी. आणि वर्गात ती कविता वाचताना तिची भाषा 'अश्लील' म्हणून वगळणार नाही, एवढं तुमच्या विभागाकडून आधी लिहून घ्या.