पहिल्या दिवशी सहा बीअर की एकच? सिएरा नेवाडा बघून आल्यावर पडलेला प्रश्न

मुळशीकर_ब्रू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण वाचा प्लीज.

मी तीन वर्षं पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत आहे, माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) दळण्यापासून केग (बीअरची पिंपं) धुण्यापर्यंत सगळी कामं केलीत आणि आता मी आणि मावसभाऊ मिळून स्वतःचं काहीतरी उभं करायचं चाललंय. एका सल्लागाराकडे गेलो तर त्याने थेट आराखडाच हातात ठेवला, अख्खा सेटअप बाहेरून तयार मागवा, पहिल्याच दिवशी नळावर सहा बीअर पाहिजेत, त्यात एक आंब्याची एक कोकमाची, लोक व्हरायटीला येतात, चव काय नंतर बसवता येते. हे शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

गेल्या महिन्यात ताईकडे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला गेलो होतो. तिथून चिको दीड तासावर आहे, भाऊजींनी गाडी काढली आणि सिएरा नेवाडाची ब्रुअरी दाखवून आणली. तांब्याची ती अवाढव्य भांडी बघून हरखून गेलो खरं पण टूरमध्ये कळलं की हे सगळं पुढचं, १९८० साली केन ग्रॉसमन आणि पॉल कमूसी या दोघांनी सुरुवात केली तेव्हा एका गोडाऊनमध्ये भंगारातली भांडी होती. पेल एल ही त्यांची बीअर तिथेच ताजी प्यायलो, वास अगदी पपनस सोलताना येतो तसा, आणि पंचेचाळीस वर्षं झाली तरी त्यांची ओळख तीच बीअर आहे!

तर प्रश्न असा की त्यांच्या पहिल्या पाच-सात वर्षांत नक्की कुठल्या विचारांनी धंद्याला आकार आला? नशीब वगैरे सोडून द्या, डोक्यात काय होतं ते सांगा. आणि आमच्यासारख्यांनी त्यातलं काय घ्यावं?

बे_एरिया_काका

वा, आवडीचा विषय काढलात. मी इकडे अठ्ठावीस वर्षं आहे, चिकोला चार-पाच वेळा जाऊन आलोय.

आधी काळ लक्षात घ्या. १९७८ च्या सुमाराला अख्ख्या अमेरिकेत शंभरसुद्धा ब्रुअरीज उरल्या नव्हत्या (आज नऊ हजारांच्या वर आहेत), जिकडे तिकडे तीच पातळ लागर. घरी बीअर करणं कायद्याने चालायचं नाही, ती परवानगी राष्ट्राध्यक्ष कार्टरने ऑक्टोबर १९७८ मध्ये सही करून दिली. पण ग्रॉसमनने त्याच्याही आधी १९७६ ला चिकोत होमब्रूचं सामान विकायचं दुकान टाकलं होतं, वय तेव्हा बावीसच्या आसपास, त्याआधी सायकली दुरुस्त करायचा. म्हणजे ब्रुअरी काढायच्या आधी चार वर्षं हा माणूस काउंटरवर उभा राहून रोज कुणाची बीअर आंबली, कुणाची का फसफसून बाटली फुटली हे ऐकत होता. माझ्या मते त्याची खरी शाळा तीच, आणि तुमची तीन वर्षांची केगधुलाई पण त्याच जातीची आहे, तिला कमी लेखू नका.

दुसरं म्हणजे तो आधीच्यांना जाऊन भेटला. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅगने १९६५ मध्ये बंद पडायला आलेली अँकर ब्रुअरी घेऊन सावरली होती. आणि सोनोमाला जॅक मकॉलिफ होता, नौदलातून स्कॉटलंडला राहून आलेला, तिथल्या एल त्याच्या जिभेवर बसलेल्या, त्याने १९७६ मध्ये न्यू अल्बियन काढली, सगळं स्वतःच्या हाताने बांधून. बीअर चांगली होती, लांबून लोक बघायला यायचे, तरी १९८२ ला बंद पडली. कारण एका खेपेला फक्त दीड बॅरल निघायची, म्हणजे जेमतेम पावणेदोनशे लिटर. तेवढ्यासाठी माणूस दिवसभर राबणार, दुसऱ्या दिवशी परत तेवढंच राबणार, हिशोब बसणार कसा? वाढायला पैसा उभा करायला गेला तर बँका कुत्रं विचारेनात. ग्रॉसमन-कमूसींनी ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि म्हणून आपली पहिली भांडी दहा बॅरलची ठरवली, साधारण पावणेबाराशे लिटर. मेहनत जवळपास तेवढीच आणि माल सहा-सातपट.

तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर हेच, किती प्रकार ते नंतर बघा, आधी एका खेपेला किती लिटर ते ठरवा.

दूधवाला_इंजिनिअर

काका +१, आता भांड्यांबद्दल मला बोलू द्या, तो माझा प्रांत आहे. सांगलीकडे दूध संघात बावीस वर्षं प्लांट सांभाळला.

त्यांची ती भंगारातली भांडी म्हणजे डेअरीतल्या जुन्या टाक्या. त्यांनी दुधाच्याच टाक्या का घेतल्या असतील हे डेअरीतल्या माणसाला लगेच कळतं. तेव्हा एवढ्या छोट्या ब्रुअरीसाठी तयार मशिनरी सहजी मिळतच नव्हती, जी होती ती लाखो बॅरलवाल्यांसाठी. उलट कॅलिफोर्नियात छोट्या डेअऱ्या बंद पडत चाललेल्या, त्यांच्या स्टेनलेसच्या टाक्या भंगाराच्या भावात. आणि दुधाची टाकी म्हणजे काय, आतून गुळगुळीत, कोपऱ्यात मळ बसू नये म्हणून गोलाई, बाहेरून गार पाणी खेळवायचं जॅकेट, वर झाकण, खाली व्यवस्थित उतार. बीअर आंबवायला ह्याच्यापेक्षा वेगळं काय लागतं हो? बाटल्या भरायचं मशीन त्यांनी सॉफ्टड्रिंकवाल्याचं जुनं आणलं. वेल्डिंग येत नव्हतं तर ग्रॉसमन तिथल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन शिकला.

लोक ह्याला काटकसर म्हणतात, मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. ज्याने पाइप स्वतः जोडलाय त्याला माहीत असतं की कुठल्या वळणावर पाणी साठून राहतं. आमच्याकडे एकदा तीन आठवडे दूध नासत होतं, रोज सीआयपी (टाक्या-पाइप न उघडता आतून धुणं) चालू, कॉस्टिक झालं, अॅसिड झालं, रिपोर्ट परत खराबच. शेवटी एका व्हॉल्व्हच्या मागे वीतभर पाइपचा तुकडा सापडला जिथे वाहतं पाणी पोचतच नव्हतं. ड्रॉइंगमध्ये तो नव्हताच, कुणीतरी मागाहून जोडलेला. जोडणारा माणूस नोकरी सोडून गेलेला म्हणून तीन आठवडे लागले, तो असता तर एका तासात बोट ठेवून दाखवलं असतं.

म्हणून मुळशीकर, आज भंगारातून टाक्या गोळा करा असं मी सांगणार नाही, भोसरी-चाकणला स्टेनलेसचं काम करणारे चांगले फॅब्रिकेटर आहेत. पण टाकी बनत असताना तिथे जाऊन बसा, आतल्या वेल्डवरून हात फिरवून बघा, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते तुमच्या वहीत तुमच्या हाताने काढा. कंटेनरमधून पॅक होऊन आलेला सेटअप रात्री दोन वाजता बिघडला की फोन कुणाला लावणार?

खडकवासला

सगळं वाचायला छान वाटतंय पण कुणीतरी पैशाचं पण बोला. ते गाव छोटं, भाडं कमी. पुण्यात जागेचं डिपॉझिट, एक्साइजची फी, बार्लीपासून हॉप्सपर्यंत (बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) सगळ्याचे भाव, महिना उलटला की हप्ता उभा. गिऱ्हाइकाला आज नवीन काय ते पाहिजे असतं. एकच बीअर घेऊन बसलात तर सहा महिन्यात शटर खाली. सल्लागार अगदीच चुकीचं बोलत नाहीये असं माझं मत.

यीस्टताई

खडकवासला, तुमची काळजी रास्त आहे, पण ह्यांनी पैसा कसा वापरला ते बघा ना.

मी मायक्रोबायॉलॉजीवाली, यीस्टवरच काम करते, म्हणून ही गोष्ट मला सगळ्यात जवळची. पहिली खेप त्यांनी १५ नोव्हेंबर १९८० ला टाकली, ती स्टाउट या काळ्या बीअरची. मग पेल एल करायला घेतली आणि ती मनासारखी येईना. पिण्यालायक होती, कुणी तक्रार केली नसती, पण एक खेप दुसरीसारखी लागत नव्हती. तर त्यांनी ती विकलीच नाही, ओतून दिली. परत केली, परत ओतली. अशा दहाच्या आसपास खेपा गटारात गेल्या! काकांच्या हिशोबाने बघा, खेपेला पावणेबाराशे लिटर म्हणजे सगळी मिळून बारा हजार लिटरच्या जवळपास बीअर, आणि पैसा बराचसा घरच्यांकडून, मित्रांकडून उसना आणलेला, सगळा मिळून एक लाख डॉलरच्या आसपास. ज्यांच्याकडे पैसा पडून आहे त्यांनी ओतणं वेगळं आणि ह्यांनी ओतणं वेगळं.

मला हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं होतं, कारण लॅबमध्ये हा मोह आम्हाला रोज होतो, की आकडा जवळजवळ बरोबर आलाय, जाऊ दे पुढे. आणि बीअरमध्ये हे एकसारखेपण फार अवघड असतं हो. यीस्ट जिवंत आहे. उकळून गार केलेल्या रसात सुरुवातीला ऑक्सिजन कमी मिसळला तर ते नीट वाढत नाही, आंबणं मध्येच अडतं, गोडसर राहतं. तापमान दोन डिग्री वर गेलं तर वेगळाच फळांचा वास सोडतं. मागच्या खेपेतून काढलेलं यीस्ट दमलेलं असेल तर आणखी तिसरंच काहीतरी. आणि वर ह्यांनी बाटलीतच गॅस धरायची पद्धत ठेवली, थोडी साखर आणि यीस्ट बाटलीत राहू द्यायचं, म्हणजे बाटली बंद झाल्यावरही चुकायला वाव.

आता सहा बीअरचं. सहा बीअर म्हणजे सहा माल्टची मिश्रणं, दोन-तीन तऱ्हांचं यीस्ट, आणि प्रत्येकीची खेप महिन्यातून एकदा. मग चूक कुठे झाली हे शिकणार कधी? एकच बीअर दहा वेळा केलीत तर अकराव्या वेळी तुमच्या हाताला कळतं. आमच्या आजीची पुरणपोळी रोज होत नव्हती पण भाकरी रोज व्हायची, आणि तिची भाकरी डोळे मिटून ओळखू यायची.

मुळशीकर_ब्रू

ताई, भाकरीचं एकदम पटलं. खडकवासला, तुमचं पण डोक्यात आहे, हप्त्याची भीती मला रात्री झोपू देत नाही हे खरं. पण म्हणूनच वाटतंय की पहिल्या महिन्यात आलेला माणूस तिसऱ्या महिन्यात परत आला आणि त्याला तीच बीअर वेगळी लागली तर तो चौथ्यांदा येणार नाही. मग कोकम घाला नाहीतर काही घाला.

काका, अजून एक विचारायचं होतं, तो पपनसाचा वास. हे धाडस त्यांनी केलं कसं? तेव्हा लोकांना असलं काही माहीतच नव्हतं ना?

बे_एरिया_काका

अहो तो हॉप्सचा भाग तर राहिलाच, बरं झालं आठवण केलीत.

तो वास कॅस्केड नावाच्या हॉप्सचा. सरकारी संशोधनातून ओरेगनमध्ये तयार झालेली जात, १९७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी खुली झाली. तेव्हा तिथे समज असा की चांगले हॉप्स म्हणजे जर्मनीचे नाहीतर चेक, इथल्या हॉप्सचा वास रानटी, ते फक्त कडूपणापुरते वापरायचे. अँकरने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये कॅस्केड भरपूर घालून दाखवली होती, म्हणजे वाट अगदीच अनोळखी नव्हती. ग्रॉसमनचं वेगळेपण हे की त्याने तीच आपली रोजची चव ठरवली. इंग्लंडच्या पेल एलचा साचा घेतला आणि वास मात्र आपल्या मातीतला ठेवला, लपवला नाही.

आणि हे हॉप्स त्याला माहीत कसे तर परत ते दुकान! छोट्या दुकानदाराला व्यापारी माल द्यायला तयार नसायचे, गाठी मोठ्या, कोण फोडून देणार. तर हा गाडी घेऊन वॉशिंग्टन राज्यात याकिमाला गेला, तिथे मोठ्या ब्रुअऱ्यांना दाखवायला हॉप्सच्या गाठीतून कापलेले छोटे नमुने असतात, ते विकत घेऊन आला. नमुने हातावर चोळायचे, नाकाशी धरायचे, अशी सवय तिथून लागली असणार. पुढे पण त्यांनी गोळ्या करून मिळणारे हॉप्स न घेता आख्खी फुलंच वापरली, मेहनत जास्त, साठवायला जागा जास्त, तरी. १९८१ मध्ये सेलिब्रेशन नावाची बीअर काढली ती तर त्या वर्षीच्या पहिल्या तोडणीच्या ताज्या हॉप्सवर.

खडकवासला, तुमच्या व्हरायटीचं उत्तर मला इथे दिसतं. नवीन बीअर त्यांनी काढल्याच की, सेलिब्रेशन ८१ ला, बिगफूट बार्लीवाइन (एक कडक बीअर) ८३ ला. पण आधी पेल एल हातात बसली आणि मग एकेक, हंगाम बघून. आणि तुम्ही म्हणता तो बँकेचा त्रास त्यांनाही चुकला नाही. ते तांब्याचं ब्रूहाउस (बीअरचा रस उकळायच्या भांड्यांचा संच) त्यांनी जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या ब्रुअरीतून आणलं, पण ते बसवायला पैसाच मिळेना, काही वर्षं तसंच ठेवून द्यावं लागलं. १९८७ च्या सुमाराला नव्या जागेत गेले तेव्हा कुठे ते वापरात आलं. तोपर्यंत दुधाच्या टाक्यांवरच चाललं, आणि मागणी पुरी होत नव्हती तरी बीअर घाईने बाहेर काढली नाही. मला वाटतं ती थांबून राहिलेली वर्षं सगळ्यात कठीण असतील, मशीन दारात आणि हात बांधलेले.

खडकवासला

ओके, ते ब्रूहाउसचं माहीत नव्हतं. मग मुळशीकर, माझा मुद्दा थोडा बदलतो. एकच बीअर करा, पण विक्री सुरू व्हायच्या आधीचे पाच-सहा महिने ओतून द्यायचे असं धरूनच बजेट करा, भाडं, लाइट बिल, माल्ट, सगळं. तो खर्च पहिल्यापासून कागदावर असेल तर ओतताना हात थरथरणार नाही. एक्सेल लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे एक तयार आहे.

दूधवाला_इंजिनिअर

हे बेस्ट. आणि त्यात पहिल्या काही खेपा नुसत्या पाण्याच्या घाला. पूर्ण प्रोसेस चालवायची, गरम, गार, पंप, सीआयपी, सगळं, फक्त माल्ट नाही. गळती, उलटा उतार, चुकीचा व्हॉल्व्ह सगळं पाण्यातच कळतं, आणि पाणी ओतायला कुणाला वाईट वाटत नाही.

मुळशीकर_ब्रू

व्यनि केलाय. दूधवाला काका, पुढच्या गुरुवारी भोसरीला एका फॅब्रिकेटरकडे टाकी बघायला जातोय, दहा हेक्टोलिटरची, म्हणजे हजार लिटरची. तुम्ही पुण्यात असाल तर सोबत याल का? तो आतल्या वेल्डवर हात फिरवून बघायचा प्रकार मला तुमच्याकडूनच शिकायचाय. ताई, ऑक्सिजन मोजायचं मीटर कुठलं घ्यावं ते पण सांगा, मी इथेच पहिल्या खेपेपासूनची नोंद टाकत जाईन, ओतलेल्या खेपांसकट.

यीस्टताई

मीटर महाग असतं, लगेच घेऊ नका. माझ्या ओळखीत एक जुनं आहे, कॅलिब्रेट करून देते, पहिल्या तीन-चार खेपांना वापरा. मोजायचं मात्र रस गार करून यीस्ट घालायच्या आधी, यीस्ट एकदा पडलं की ते ऑक्सिजन भराभर खाऊन टाकतं आणि आकडा कामाचा राहत नाही.

दूधवाला_इंजिनिअर

गुरुवारी सकाळी दहानंतर चालेल. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन या, आउटलेटच्या वरचा जोड आरशाशिवाय दिसत नाही.