इंजिनाची किंमत बांधली म्हणजे कार्टिंग स्वस्त होते का?

मागचा_धुरा

‘चासी_प्रकल्प’ यांनी परवा या मंचावर लिहिले की नवशिक्यांच्या कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) वर्गासाठी एकच नियम पुरेसा आहे: इंजिनाची कमाल किंमत ठरवा, बाकीचा खर्च आपोआप आटोक्यात येईल. दोन दिवस मी उत्तर देण्याचे टाळले, परंतु त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग पाहिल्यावर गप्प बसणे जमले नाही.

माझ्या मुलाने चार वर्षे कार्ट चालवली आणि त्या चारही वर्षांचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. इंजिन आम्ही एकदाच घेतले. टायर मात्र प्रत्येक फेरीला, म्हणजे हंगामातल्या प्रत्येक शर्यतीला, घेतले, कारण मऊ रबराचा नवा संच पहिल्या काही लॅपमध्ये जो वेग देतो तो पुन्हा कधीच देत नाही, आणि शेजारच्या तंबूत नवा संच चढताना दिसला की कोणत्याही बापाचा हात खिशाकडे जातोच. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातला सराव, त्यासाठीचा मुक्काम, मेकॅनिकचा रोज आणि गाडीभाडे हे निराळेच. वहीत इंजिनाची नोंद एका पानावर संपली आहे. टायरच्या नोंदींनी पुढची वही सुरू करावी लागली.

म्हणून माझ्या मते नियमाने अडवायची ती दुसरी, तिसरी आणि दहावी खरेदी. कठीण रबराचा एकच टायर ठरवावा, हंगामाला कोरड्या ट्रॅकसाठी दोनच संच द्यावेत आणि त्यांवर स्क्रूटिनीच्या, म्हणजे तांत्रिक तपासणीच्या, वेळी खूण करावी. फेरीच्या आधीचे दहा दिवस त्या ट्रॅकवर स्पर्धकांना सराव बंद असावा. चासी, म्हणजे कार्टचा सांगाडा, कितीही जुनी असली तरी चालावी. इंजिन चार-स्ट्रोक, हवेने थंड होणारे आणि कारखान्यातून सील होऊन, म्हणजे कोणी उघडू नये अशी मोहोर लागून, आलेले असावे. आपली राष्ट्रीय रोटॅक्स मालिका त्याच नावाच्या कंपनीच्या १२५ सीसीच्या दोन-स्ट्रोक इंजिनावर चालते. ते इंजिन उत्तमच आहे, परंतु त्या शिडीला खालची पायरी नाही आणि आपण ती बांधण्याबद्दल बोलत आहोत. हेल्मेट आणि बरगड्यांचे जाकीट यांत मात्र कोणी एका रुपयाचीही काटकसर सुचवू नये.

चासी_प्रकल्प

माझे म्हणणे अर्धेच वाचून आपण हे लिहिले आहे. किंमत बांधा असे म्हणताना त्यासोबत क्लेमचा नियम हवा, हेही मी स्पष्ट लिहिले होते. शर्यत संपल्यावर कोणत्याही स्पर्धकाने ठरलेली रक्कम टेबलावर ठेवावी आणि विजेत्याचे इंजिन घेऊन जावे. विजेत्याने नकार दिला तर त्याचा निकाल रद्द व्हावा. हा नियम असेल तर दुप्पट पैसे ओतून इंजिन तयार करण्याचा मूर्खपणा कोण करील?

दुसरे असे की, जुनी का होईना, इटलीहून आलेल्या चासीची गरजच काय? आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आम्ही पंधरा जणांनी नळ्या वाकवून, वेल्ड करून आणि १२५ सीसीचे मोटरसायकलचे इंजिन बसवून कार्ट उभी केली. ती धावली आणि थांबलीही. जे विद्यार्थ्यांना जमते ते एखाद्या क्लबला जमू नये, हे मला पटत नाही.

शिरोली_वर्कशॉप

धावली आणि थांबली याबद्दल अभिनंदन, पण ती वळली का, हे सांगा. महाविद्यालयांच्या अशा सात-आठ चासी मी स्वतः वेल्ड करून दिल्या आहेत, म्हणून विचारतो. कार्टला सस्पेन्शन नाही, डिफरन्शियल नाही, मागचा अॅक्सल अखंड आहे, म्हणून मागची दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात. वळणात आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेले नाही तर कार्ट सरळ जायला पाहते आणि इंजिनाची सगळी ताकद रबर घासण्यात जाते. ते चाक उचलले जाते पुढच्या स्टब अॅक्सलच्या (पुढचे चाक बसते त्या आखूड धुऱ्याच्या) कोनामुळे आणि चासीच्या पिळामुळे. तुमच्या चासी इतक्या ताठ असतात की पिळतच नाहीत. चार हंगाम वापरलेली परदेशी चासी तुमच्या नव्या चासीपेक्षा बरी आणि बहुधा स्वस्तही, एवढे धुरा यांचे मी मान्य करतो.

परंतु सील? तेथे माझा विरोध आहे आणि तो कायम राहील. आमच्या भागात फाउंड्री आहेत, लेथवर आयुष्य काढलेली माणसे आहेत. येथला पोरगा वयाच्या पंधराव्या वर्षी वाल्व बसवायला शिकतो. त्याच्यासमोर तुम्ही सीलबंद खोके ठेवणार आणि सांगणार की याला हात लावायचा नाही. मागे एका मुलाच्या सीलबंद इंजिनाचा बिघाड शनिवारी संध्याकाळी झाला. दोष काय आहे हे मला ऐकूनच कळले होते, सुटा भाग माझ्या कपाटात होता आणि काम दीड तासाचे होते. नियमाप्रमाणे इंजिन अधिकृत केंद्राकडे पाठवावे लागले, ते तीन आठवड्यांनी परत आले, त्याच्या दोन फेऱ्या गेल्या आणि बिल असे आले की पुढच्या हंगामात तो मुलगा दिसलाच नाही. हा तुमचा स्वस्त वर्ग आहे काय?

इंडियानावासी

मी मूळचा सांगलीचा, सध्या अमेरिकेत आहे आणि माझी दोन्ही मुले येथील क्लबात कार्ट चालवतात. क्लेम आणि खुले इंजिन यांचा प्रयोग या देशात होऊन गेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

होंडाच्या जीएक्स २०० या इंजिनाच्या चिनी नकला येथे अवजारांच्या दुकानात शंभर डॉलरच्या आसपास मिळू लागल्या, तेव्हा ‘क्लोन’ नावाचा वर्ग त्यांच्यावरच उभा राहिला. नियम साधा होता: इंजिन जसे खोक्यातून निघाले तसेच चालवायचे. पण कारखान्याच्या प्रत्येक मापाला थोडी सवलत, म्हणजे किंचित कमी-जास्त असण्याची मुभा, असते. इंजिन बांधणाऱ्यांनी ढीगभर सुटे भाग मोजले, सवलतीच्या अगदी काठावर बसणारे निवडले आणि नियमातले एक अक्षरही न मोडता असे इंजिन उभे केले की त्याची किंमत मूळ इंजिनाच्या अनेक पट झाली. क्लेमचे वर्गही होते, परंतु क्लेम करणारा माणूस पुढच्या फेरीला त्याच पॅडॉकमध्ये (स्पर्धकांच्या तंबूंच्या आवारात) असतो, आणि बहुतेकांना तो हक्क बजावण्याचे धाडस होत नाही.

त्या अनुभवानंतर येथील अनेक क्लब ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एलओ २०६ या इंजिनाकडे वळले. ते २०४ सीसीचे, सुमारे ८.८ अश्वशक्तीचे, मिनिटाला फेरे ६१०० वर अडवलेले आणि कारखान्यातच सील केलेले आहे. लहान मुलांसाठी कार्ब्युरेटरमधली स्लाइड (इंजिनाची ताकद मर्यादित ठेवणारा भाग) बदलतात. प्रत्येक वयोगटाच्या स्लाइडचा रंग वेगळा असतो आणि इंजिन मात्र तेच राहते. माझ्या थोरल्याचे इंजिन आज धाकटी चालवते. वाल्वचे क्लिअरन्स लावणे, क्लच आणि स्प्रॉकेट बदलणे हे सारे आम्ही घरीच करतो, त्यामुळे ‘हात लावायचा नाही’ हे चित्र पूर्ण खरे नाही.

शिरोली_वर्कशॉप

तुमच्याकडे अमेरिकेत सील तुटले तर आठवड्यात दुसरे इंजिन दारात येते. येथे ते बोटीने येते, त्यावर आयात शुल्क लागते, आणि डॉलर वर गेला की वर्गाची किंमतही वर जाते. शिवाय एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो, त्याचे उत्तर सरळ द्या: तुमच्याकडचे पैसेवाले पालक तीन-तीन सीलबंद इंजिने घेऊन, डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) चालवून, त्यांतले सर्वांत जोरदार ठेवत नाहीत काय? तीन इंजिने घेऊन दोन विकणे माझ्या लेथच्या मजुरीपेक्षा स्वस्त आहे, असे कोणी मला पटवून द्यावे. माप काठावर नेणाऱ्या कारागिराला तुम्ही जवळजवळ लबाड ठरवले आहे. मी तीस वर्षे हेच काम करतो. मला त्याचा राग आला आहे आणि तो लपवण्याची गरज वाटत नाही.

इंडियानावासी

काका, तुम्हाला लबाड म्हणण्याचा हेतू नव्हता. माझ्या शब्दांतून तसे वाटले असेल तर ते मी परत घेतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. काही पालक इंजिने निवडतात. सीलबंद इंजिनांमधला फरक खुल्या इंजिनांपेक्षा पुष्कळ कमी असतो, एवढेच मी म्हणू शकतो. तो शून्य असतो असे म्हणणार नाही.

शिसे_सीटमागे

दोन दिवस सील या एकाच गोष्टीवर वाद चालला आहे आणि वजनाबद्दल एकही ओळ नाही, म्हणून लिहिते. माझी मुलगी बारा वर्षांची आणि अंगाने किरकोळ आहे. कार्ट आणि चालक यांचे मिळून किमान वजन भरावे म्हणून तिच्या सीटला आम्ही शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळतो. तिच्या वर्गातला एक मुलगा एका उन्हाळ्यात इतका वाढला की एकही पट्टी न लावता तो किमान वजनाच्या दहा किलो वर गेला. आठ-नऊ अश्वशक्तीच्या इंजिनावर दहा किलो म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना मागे राहणे. तो मुलगा रडत उतरलेला मी पाहिला आहे. किमान वजन खाली आणले तर माझ्या मुलीचा फायदा, वर नेले तर त्याचा, आणि दोन्ही मुले नवशिकीच आहेत. अशा वर्गात निदान दोन वजनगट हवेत आणि किमान वजन थोडे चढेच ठेवायला हवे, असे मी माझ्या मुलीच्या हिताविरुद्ध जाऊन म्हणते.

क्लेमबद्दल सांगायचे तर आमच्याकडे एका फेरीला नऊ कार्ट येतात. त्यांतल्या एका मुलाने पहिल्यांदा शर्यत जिंकली आणि त्याच संध्याकाळी आपण त्याचे इंजिन काढून नेले, तर पुढच्या वेळी त्या घराशी कोणत्या तोंडाने बोलायचे? शिवाय शिरोलीच्या दादांनीच मागच्या पावसाळ्यात आमचा क्लच एक पैसा न घेता सरळ करून दिला होता. अशी माणसे ज्या नियमात बाहेर राहतील तो नियम मला नको.

मागचा_धुरा

वजनाचा मुद्दा मी विसरलो होतो, ही चूक कबूल. दोन गट असावेत.

सीलबाबत मी एक पाऊल मागे येतो, मनाविरुद्ध येतो, पण येतो. सील कारखान्याचे असण्याऐवजी क्लबचे असावे: तार, शिशाची मोहोर, तिच्यावर क्रमांक आणि त्याची नोंद क्लबच्या रजिस्टरमध्ये. बिघाड झाल्यास स्क्रूटिनीअरसमोर कोणत्याही मेकॅनिकने इंजिन उघडावे, मापे लिहून द्यावीत आणि ते पुन्हा सील करून घ्यावे. असे केले तर येथे पंपासाठी आणि जनरेटरसाठी विकले जाणारे चार-स्ट्रोक इंजिनही चालेल, आणि बोटीची वाट पाहावी लागणार नाही. इंजिने निवडण्याच्या खोडीवर उपाय म्हणून प्रत्येक फेरीच्या सकाळी पहिल्या तिघांची इंजिने चिठ्ठ्या टाकून आपसांत बदलावीत. टायरच्या दोन संचांवरून मात्र मी हलणार नाही.

चासी_प्रकल्प

चिठ्ठ्या टाकून बदल हा क्लेमचाच सौम्य प्रकार आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. चासी वळत नाही हे खरे आहे. मागच्या वर्षी आम्ही ती चूक नळीची जाडी वाढवून सुधारायला गेलो आणि कार्ट आणखी बिघडली.

शिरोली_वर्कशॉप

नळी पातळ करा आणि पुढचा कास्टर, म्हणजे तोच स्टब अॅक्सलचा कोन, वाढवा, मग माझ्याकडे घेऊन या.

क्लबचे सील मला चालेल, पण एका अटीवर. कॅमची उंची, हेडचे आकारमान आणि कार्ब्युरेटरच्या भोकाचे माप हे तिन्ही आकडे हंगाम सुरू होण्यापूर्वी छापून सर्वांना द्यायचे. ते एकाच माणसाच्या डोक्यात राहिले तर मी पुन्हा येथेच भांडायला येईन. मोजायची गेजे मी बनवून देतो आणि त्यांचे पैसे घेणार नाही. ती कोणाच्या पेटीत जाणार नाहीत, स्क्रूटिनीच्या टेबलावर सर्वांसमोर राहतील. टायरचे दोन संच पावसाळ्याआधीच्या फेऱ्यांना पुरणार नाहीत, तीन करा.